न दिलेला टकोरा

‘‘हे ऐका,’’ मिस रणभिसे म्हणाल्या आणि त्यांनी उभ्या उभ्याच पियानोची एक पट्टी हलकेच दाबून सोडली. सूर आला, आणि तो विरता विरता त्याच्या मागून बारीकसं ‘चीं’ आलं.

‘‘मुली हिला चिचुंद्री म्हणतात. सकाळच्या प्रार्थनेला मी हळू वाजवायला लागले की ही ओरडते, आणि अख्खी रांग खाली माना घालून हसते. शनिवारी वार्षिक समारंभ आहे. बिशपसाहेब यायचेत.’’

शद्रक मास्तरांनी मान डोलावली. ‘‘ऐकलं, बाई. जुनं दुखणं आहे. काढून देतो.’’

त्यांनी ते ऐकलं नव्हतं. त्या सभागृहात हे फक्त मला माहीत होतं.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, पाचगणीच्या एका मुलींच्या निवासी शाळेतली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, दोन लेकरांचा बाप. घरचा धंदा सुतारकीचा. खुर्च्यांचे पाय बसवून बसवून कंटाळलो होतो, तेव्हा शद्रक ओहोळ मास्तरांनी मला पुण्यात आपल्या हाताखाली घेतलं, त्याला सात वर्षं झाली होती. मास्तर मूळचे नगरचे. मिशनमधल्या कुणा गोऱ्या साहेबाकडून ते पियानो उघडायला शिकले आणि पुढं चाळीस वर्षं त्यावरच त्यांनी संसार केला. वय अडुसष्ट, अंगात काळा कोट, डोक्याला फेल्टची टोपी, आणि तोंडात मिशनचं मराठी. ते गिऱ्हाइकापुढं. माझ्याशी बोलताना नगरचं.

पियानो बाहेरून कपाटासारखा गरीब दिसतो, पण एक पट्टी दाबली की आत पन्नासएक तुकडे हलतात. लाकूड, चामडं, तारेच्या स्प्रिंगा, आणि बनात म्हणजे ते जाड लोकरी कापड. वय झालं की यातलं काही तरी कोरडं दुसऱ्या कोरड्यावर घासतं आणि ओरडायला लागतं. लोक मग शिवणयंत्राचं तेल सोडतात. लाकूड फुगतं, बनात तेल पिऊन बसते आणि चार दिवसांत पट्ट्या चिकटतात. मास्तर म्हणायचे, ‘‘म्हाताऱ्याच्या गुडघ्याला तेल लागतं रं, पियानोच्या न्हाई. याला कोरडं औषध.’’ ते औषध म्हणजे शिसपेन्सिलीची पूड. तपकिरीच्या जुन्या डबीत ती भरलेली असायची. पेन्सिली घासायचं काम माझं.

औषध सोपं, दुखणं सापडणं अवघड. त्यासाठी मास्तरांची एक रीत होती. पुढची फळी काढायची, मास्तरांनी एकेक पट्टी हळू दाबायची, हळू सोडायची, आणि मी डोकं आत घालून ऐकायचं. घासल्याचा आवाज आला की बोटाच्या पेरानं लाकडावर एक टकोरा द्यायचा. एकच. तोंडानं बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, का म्हणून? तर म्हणाले, ‘‘बोललं की कान मळतो.’’ मला ते फार मोठं ज्ञान वाटलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या डोक्यात उजेड पडला. मास्तरांना बारीक आवाज येतच नव्हते. बोलणं ऐकू यायचं, खालचे, मधले सूर तर असे लावायचे की ऐकत राहावं. पण सगळ्यात वरची सप्तकं ‘तुझा हात बसू दे’ म्हणून माझ्यावर सोपवलेली. सायकलची घंटी मागून आली की मी त्यांचा कोट ओढायचा. मला हे कळलंय हे त्यांना कळलं होतं का, ते मला माहीत नव्हतं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी टकोरा देत राहिलो आणि ते औषध लावत राहिले. दोघांचं मिळून एक चांगलं कारागीर माणूस होत होतं.

आता त्या शाळेचं सांगतो. नऊ पियानो होते आणि वर्षातून दोन खेपा; त्या दिवशीचं बोलावणं मात्र समारंभापुरतं, सभागृहातल्या या एकासाठी. मास्तरांच्या हातात उरलेलं हे एकच मोठं काम होतं. बाकीची घरं एकेक करून पियानो विकून मोकळी झाली होती. त्यात मिस रणभिसे प्रिन्सिपॉल म्हणून नव्या आलेल्या. त्या मुंबईच्या कुठल्या तरी कंपनीशी बोलणं करतायत हे शिपायानं आम्हाला फाटकातच सांगितलं होतं. त्यामुळं मास्तरांनी टोपी दोनदा झटकली आणि कोटाची सगळी बटणं लावली.

चिचुंद्रीचं ऐकवून झाल्यावर मिस रणभिशांनी माझ्याकडं पाहिलं. ‘‘आणि हे? हेही कारागीर आहेत का?’’

‘‘छे, छे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘माझा माणूस आहे. पिशवी उचलतो.’’

बाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. मी पिशवी खाली ठेवली.

सात वर्षं. हातोड्यांना बनात मी चिकटवायची, केसासारख्या पिना मी बदलायच्या, आणि मी पिशवी उचलतो. निघताना बायकोला सांगून आलो होतो, नवीन बाई आहेत, चार शब्द बोलायची संधी मिळाली तर आपलंही नाव होईल. झालं होतं नाव. मी तोंड फुगवून फळी काढली.

पहिल्या दोन आवाजांना मात्र मी इमानेइतबारे टकोरा दिला. हात सवयीनं चालतो, रुसवा त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. एक आवाज पेडलचा होता. खालचा दांडा भोकात घासत होता, त्याला मास्तरांनी कोरडा साबण चोळला. दुसरा बाईंनी दाखवलेल्या पट्टीचा. पट्टी सोडली की सूर बंद करायला एक गादी तारेवर येऊन बसते, तिला मागून एक स्प्रिंग ढकलते. ती स्प्रिंग ज्या खाचेत सरकते, तिथली बनात झिजून गेली होती. मास्तरांनी काडीनं पूड लावली, पट्टी दाबली, सोडली आणि माझ्याकडं पाहिलं. टकोरा आला नाही, म्हणजे आवाज गेला. आमच्यात टकोरा नसणं हाही एक शब्दच होता.

‘‘पुढं,’’ मास्तर म्हणाले.

इतक्यात चहाची वेळ झाली. मास्तरांना ऑफिसात बोलावलं, कपबशीत. माझा चहा मागच्या पायऱ्यांवर, काचेच्या गिलासात. तिथं शिपाई बसला होता. मला सरकून जागा देत म्हणाला, ‘‘जड असल न्हाई पिशवी? म्हाताऱ्यानं काय रोजावर आणलंय का तुम्हाला?’’

त्या बिचाऱ्यानं चांगल्या मनानं विचारलं होतं. मी म्हणालो, ‘‘हो.’’ चहा गोड होता आणि मला तो कडू लागला, असं लिहायची पद्धत आहे. तसं काही नव्हतं. चहा चांगला होता, मी तो सगळा प्यायलो, आणि पिता पिता ठरवलं की आज मास्तरांना दाखवायचं.

पुन्हा कामाला बसलो. मास्तर एकेक पट्टी दाबत वर सरकत होते. तिसऱ्या पट्टीला, ती हळू सोडल्यावर, माझ्या कानाच्या वीतभर अंतरावर ‘चीं’ झालं. अगदी स्वच्छ.

माझं बोट लाकडावर होतं. पेर वाकवलेलं, मारायच्या तयारीत. मी ते तसंच धरून ठेवलं.

मास्तर थांबले. का थांबले कुणास ठाऊक, त्यांनी तीच पट्टी पुन्हा एकदा दाबली आणि सोडली. चीं. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. माझा हात हलला नाही. ते पुढं सरकले.

मी काही खोटं बोललो नव्हतो, असं मी पुढं किती तरी वर्षं स्वतःला सांगत आलो. मूग गिळून बसलेल्या माणसाला हे एक बरं असतं, त्याचं खोटं कुणी शब्दांत पकडू शकत नाही. केसानं गळा कापणारे असतात म्हणतात. मी तो एका बोटानं कापला, आणि तेही बोट न हलवता.

दुपारी फळी लावून झाली. मिस रणभिसे आल्या, त्यांच्यामागून गाण्याच्या सरावाला पंचवीस-तीस मुली दोन रांगांत येऊन उभ्या राहिल्या. मास्तर खुशीत होते. काम मनासारखं झालं की ते थोडे वाचाळ व्हायचे.

‘‘बसा, बाई. गेली तुमची चिचुंद्री. आता एक जरी आवाज निघाला तर माझी पिशवी इथंच ठेवून जातो.’’

बाई हसल्या आणि वाजवायला बसल्या. प्रार्थनेचं संथ गीत होतं, अगदी हळू वाजवायचं. पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीत चाल ती पट्टी घेत होती.

चीं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीचे खांदे हलले. चाल फिरून त्याच सुरावर आली. चीं. मग तिच्या शेजारणीचे हलले.

आणि मास्तर पियानोच्या बाजूला, टोपी छातीशी धरून, डोळे अर्धे मिटून हसत होते. तालावर मान डोलवत होते. दर चींला मुलींची रांग वाऱ्यातल्या दोरीवरच्या कपड्यांसारखी हलत होती, आणि मास्तरांना वाटत होतं की गाणं आवडतंय. मुलींकडं बघून त्यांनी कौतुकानं मानही हलवली.

बाईंनी वाजवणं थांबवलं. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मग त्या एकाच पट्टीवर बोट ठेवून त्यांनी ती दाबली, सोडली. दाबली, सोडली. चीं. चीं.

‘‘छान ना?’’ मास्तर म्हणाले. ‘‘लोण्यासारखी झालीय.’’

आता कुणीच हसलं नाही. मुलींनासुद्धा कळलं. पोरं वात्रट असतात पण तितकी वाईट नसतात. बाईंची मान हळूहळू माझ्याकडं वळली. आता तरी मी काही तरी सांभाळून घ्यायला हवं होतं. फळी लावताना काही हललं असेल, गारठ्यानं लाकूड आखडलं असेल, दहा थापा मला येत होत्या. मी पुढं झालो, फळी उतरवली, डबी उघडली आणि काडीनं त्या खाचेत पूड लावली. मिनिटभर लागलं असेल. पट्टी दाबून सोडली. शांत.

‘‘तुम्हाला हे येतं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘बारीक आवाजाचं काम मीच बघतो, बाई,’’ मी म्हणालो. ‘‘सात वर्षं झाली.’’

हे वाक्य मी चहा पितानाच तयार करून ठेवलं होतं. ते बोलताना मला बरं वाटलं. लाज वाटते म्हणून लपवत नाही, मला त्या क्षणी खरंच बरं वाटलं. त्यानंतर मी मास्तरांकडं पाहिलं.

ते माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हते. मी जिथं पूड लावली त्या खाचेकडं बघत होते, आणि मग माझ्या उजव्या हाताकडं. सकाळी त्याच पट्टीवर थांबून त्यांनी ती दोनदा दाबली होती. ते त्यांना आठवत होतं, हे मला दिसलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

मिस रणभिसे भल्या बाई होत्या. त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त मास्तरांच्या जवळ जाऊन, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, ‘‘मास्तर, फार दगदग झाली तुम्हाला. तुम्ही, आता, विश्रांती घ्या.’’

तोपर्यंत त्यांच्याशी कुणी असं मोठ्यानं बोललं नव्हतं. मास्तर दचकले. ‘‘हो, हो, बाई,’’ म्हणाले, आणि पिशवी उचलायला वाकले. पिशवी मी घ्यायला गेलो तर त्यांनी ती दिली नाही. फाटकापर्यंत स्वतःच घेऊन आले.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ते काम मास्तरांनी पुन्हा केलं नाही, तेही नाही आणि दुसरं कुठलंही नाही. महिन्याभरानं शाळेनं त्यांना पत्र पाठवून माझा पत्ता विचारला आणि त्यांनी तो दुसऱ्या दिवशी कार्डावर लिहून पाठवला, स्वतःच्या वळणदार अक्षरात. ते कार्ड मला नंतर मिस रणभिशांनी दाखवलं. त्यावर पत्त्याच्या वर लिहिलं होतं, ‘रमाकांत पांचाळ, उत्तम कारागीर.’ मी त्या शाळेचं काम बावीस वर्षं केलं. नाही म्हणायला हवं होतं का? हवं होतं. माझ्या दोन मुली त्या कामावर शिकल्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत.

पण सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या एसटीतलं.

गाडी पाचगणीहून निघाली आणि पसरणीचा घाट उतरायला लागली. खालच्या गिअरमध्ये इंजिन नुसतं कण्हत होतं. मास्तर खिडकीशी, मी शेजारी, पिशवी त्यांच्या मांडीवर. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. त्यांच्या पत्नी मनोरमाबाई नेहमी दोघांचा डबा द्यायच्या. धपाटे आणि लसणाची चटणी. त्या दिवशी तो दुपारी कुणी उघडलाच नव्हता. मास्तरांनी धपाटे मोजून सारखे केले, एक जास्तीचा होता तो माझ्याकडं सरकवला.

‘‘खा. घरी इचारतील उरलं का म्हणून.’’

मी घास घेतला.

‘‘सकाळी ते पिशवीचं बोललो,’’ मास्तर समोर बघत म्हणाले. ‘‘तुला लागलं आसल.’’

‘‘नाही, मास्तर.’’

‘‘दोन कारागीर हायेत म्हटलं आसतं, तर तिनं इचारलं आसतं, दोन कशाला? एकाला काय कमी पडतंय? मला भ्या वाटलं रं. म्हणून तुला हमाल केला.’’ त्यांनी बोटं डब्याच्या कडेला पुसली. ‘‘तुला तर पयल्यापासनं समदं ठाऊकच हाय. तुला काय लपवायचं.’’

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला कळलंय हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ‘बोललं की कान मळतो’ हे ज्ञान नव्हतं, ती त्यांची मला केलेली विनंती होती, आणि मी ती सात वर्षं रोज पाळली होती, आजचा दिवस सोडून. मला इतकी शरम वाटली की तोंडातला घास घेऊन मी तसाच बसून राहिलो.

गाडी एका वळणावर कलंडली. मास्तरांनी पुढच्या सीटचा लोखंडी दांडा धरला.

‘‘रमाकांता, एक इचारू का? खरं सांग.’’

‘‘विचारा ना.’’

‘‘म्या तिथं हुभा ऱ्हाऊन हसत होतो, तवा ते वाजत होतं का?’’

मी घास गिळला. खरंच ठरवलं की सांगायचं. खाली मान घालून मी म्हणालो, ‘‘वाजत होतं, मास्तर. सकाळीही वाजलं होतं. मला ऐकू आलं होतं, मी मुद्दाम टकोरा दिला नाही.’’

सगळं एका दमात बोललो. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. मग मास्तर माझ्याकडं झुकले, कानामागं तळहात धरून.

‘‘काय म्हनलास? इंजिनाचा आवाज लई हाय.’’

त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. बारीक डोळे, दाढीचे पांढरे खुंट, ओठाला चटणी लागलेली. मला तेच पुन्हा एकदा, फक्त मोठ्यानं, म्हणायचं होतं. पुढच्या सीटवरच्या बाईनंही मागं वळून पाहिलं असतं, एवढंच.

‘‘नव्हतं वाजत!’’ मी मोठ्यानं म्हणालो. ‘‘बाईंनी ती एकटी पट्टी दाबली तेव्हा सुरू झालं.’’

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मग मागं टेकले. त्यांचा उजवा हात अजून त्या दांड्यावर होता. त्यांनी एक बोट वाकवलं, आणि त्याच्या पेरानं लोखंडावर एक टकोरा दिला.

एकच, घासल्याचा आवाज ऐकू आला की द्यायचा तसा. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि वाई येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.